दंडाच्या पावतीत हरवलेला सहकार

मागे एकदा डोंबिवलीला एका जुन्या स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. वय पंच्याहत्तरीच्या घरात. उभे आयुष्य एका खासगी कारखान्यात फिटर म्हणून गेले. निवृत्तीच्या पैशातून गृहकर्ज फेडले, मुलांची शिक्षणे केली आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत पती-पत्नी समाधानाने राहू लागले. इमारतीच्या प्रवेशद्वाराशी सूचनाफलक होता. त्यावर तांबड्या शाईत ‘थकबाकीदार सभासद’ असा मथळा आणि त्याखाली चार नावे होती. तिसरे नाव आमच्या स्नेह्यांचे होते.

घरात शिरल्यावर चहापाणी झाले, क्षेमकुशल झाले. विषय मी काढला नाही. त्यांनीच कपाटातून बिल काढून पुढे ठेवले. मासिक देखभाल खर्च ४,००० रुपये. वहिनींच्या शस्त्रक्रियेमुळे आठ महिने तो भरता आला नव्हता. मूळ थकबाकी ३२,००० रुपये, त्यावरचे व्याज १,९६० रुपये आणि शेवटी एक ओळ : ‘दंड – १,५०० रुपये’. हा दंड कशाचा, असे विचारले. बाल्कनीच्या कठड्यावर तीन वेळा कपडे वाळत घातल्याचा, प्रत्येक वेळी ५०० रुपये.

ते म्हणाले, “पैसे मी देणार आहे हो. दोन महिने लागतील, चार लागतील, पण देईन. ते नाव तेवढं फळ्यावरून उतरवायला सांगा. बत्तीस वर्षं राहतोय इथं. गणपतीची वर्गणी गोळा करत याच जिन्यावरून फिरलोय मी.”

त्यांची तक्रार रकमेबद्दल नव्हती, अप्रतिष्ठेबद्दल होती. परतीच्या प्रवासात तोच प्रश्न मनात घोळत राहिला. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी उभी केलेली संस्था शेजाऱ्याचीच लाज चव्हाट्यावर मांडू लागली, तर तिला सहकारी म्हणायचे ते कोणत्या अर्थाने?

सहकाराचे मूळ

महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. या चळवळीचा आरंभ मुंबईच्या गावदेवीतला. १९१५ साली राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. परक्या शहरात पोटापाण्यासाठी आलेल्या, एकट्याच्या बळावर घर बांधणे न झेपणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र यावे, भांडवल एकत्र करावे आणि घरमालकाच्या लहरीतून मुक्त व्हावे, ही त्यामागची प्रेरणा होती. ‘विना सहकार नाही उद्धार’ हे ब्रीद आपण पुढे साखर कारखान्यांच्या आणि पतपेढ्यांच्या भिंतींवर वाचले. परंतु शहरी माणसाच्या जीवनात सहकार खऱ्या अर्थाने आला तो घराच्या रूपाने.

या व्यवस्थेत मालकही आपणच आणि ग्राहकही आपणच. संस्थेला नफा कमवायचा नाही. इमारत उभी राहावी, पाणी यावे, जिन्यात दिवा लागावा, पंप चालावा यासाठी जो खर्च होतो तो वाटून घ्यायचा, इतकाच तिचा आर्थिक व्यवहार. म्हणूनच अशा संस्थेच्या जमाखर्चात ‘दंड’ ही जमेची बाजू वर्षानुवर्षे फुगत असेल, तर काहीतरी मुळातच चुकले आहे, असे समजावे.

दंड हवाच, पण कशासाठी?

येथे दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. सोसायटीचा सचिव किंवा खजिनदार हा बहुधा आपल्यासारखाच नोकरदार असतो. दिवसभर कचेरीत राबून रात्री तो पंपाच्या दुरुस्तीवाल्याला फोन करतो. एक पैसा न घेता दहा जणांची बोलणी खातो. चार गाड्या दारात असूनही मुद्दाम वर्गणी थकविणारे महाभाग त्याच्याच माथी असतात. अशांच्या पायी प्रामाणिक सभासदांना इमारतीचा सगळा भार वाहावा लागतो. त्यांना धाक हवा. दंडाचे भयच नसेल तर नियम कागदावर राहतात.

आणि काही नियम तर थेट प्राणाशी निगडित असतात. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क परिसरातील ‘सिद्धिसाई’ ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप तेव्हा झाला. एकाच्या मनमानीची किंमत सर्व बिऱ्हाडांना कशी मोजावी लागते, याचे हे विदारक उदाहरण आहे. भिंत पाडणारा, खांब कोरणारा, गच्चीच्या जिन्यात सामान रचून आगीच्या वेळचा मार्ग अडविणारा यांना दंड व्हायलाच हवा; किंबहुना दंडावर न थांबता पालिकेकडे तक्रार व्हायला हवी.

बिल कमी ठेवण्याचा हट्टही असाच घातक ठरतो. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांना तेथील घरमालक संघटनांचा जाच ऐकून माहीत असेल. अंगणातले गवत वाढले, दाराचा रंग बदलला म्हणून तेथे दंडाची नोटीस येते आणि काही राज्यांत तर थकलेल्या वर्गणीपोटी घरावर जप्ती आणण्याचा अधिकारही या संघटनांना आहे. त्याच अमेरिकेत, फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी ‘चॅम्पलेन टॉवर्स साउथ’ ही बारा मजली इमारत पहाटेच्या अंधारात कोसळून ९८ जण मृत्युमुखी पडले. इमारतीच्या दुरवस्थेचा अहवाल २०१८ सालीच आलेला होता. दुरुस्तीचा खर्च कोटींच्या घरात होता आणि गंगाजळी अपुरी होती. तो खर्च कसा उचलायचा, यावर रहिवाशांत वाद होत राहिले. दुर्घटनेनंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने इमारतींची तपासणी आणि राखीव निधी सक्तीचा करणारा कायदा केला, तेव्हा वर्गण्या एकाएकी इतक्या वाढल्या की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेक वृद्धांना घर विकण्याचा विचार करावा लागला. वर्षानुवर्षे टाळलेला खर्च एकदम अंगावर येतो, तेव्हा तो सर्वांत दुबळ्या माणसाला आधी चिरडतो.

यातून घेण्याचा बोध स्पष्ट आहे. इमारतीच्या जिवासाठी लागणारा पैसा वेळेवर उभा केलाच पाहिजे. आपल्या आदर्श उपविधींनीही दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के आकारणी सांगितली आहे ती याच दूरदृष्टीने. दंडाचा कठोरपणा राखून ठेवायचा तो इमारतीच्या सुरक्षेसाठी. वाळत घातलेल्या लुगड्यासाठी आणि दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीसाठी तो खर्ची घालणे म्हणजे मुंगीला मुसळ मारण्यासारखे आहे.

बिल का वाढते?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या अंदाजपत्रकात काही खर्च असे असतात की ते आटोपते घेता येतात. भाजी महागली तर कडधान्यावर भागते. गावी जाणे पुढे ढकलता येते. सोसायटीच्या बिलाचे तसे नाही. घर विकल्याशिवाय त्यातून सुटका नाही. आणि हे बिल वाढते आहे ते केवळ समितीच्या मर्जीने नव्हे. वॉचमनचे वेतन, सार्वजनिक विजेचे दर, लिफ्टच्या देखभालीचे कंत्राट, उन्हाळ्यात टँकरचे पाणी, या सर्वांचे भाव चढत गेले. कंत्राटी सेवांवर वस्तू व सेवा कर आला. दरमहा प्रति सभासद ७,५०० रुपयांपर्यंतच्या देखभाल वर्गणीला करातून सूट देणारी मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये ५,००० वरून वाढविण्यात आली. त्यानंतरच्या वर्षांत खर्च कुठल्या कुठे गेले, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दुसरीकडे उत्पन्नाची बाजू पाहावी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यास महागाई भत्त्याचा आधार असतो. कारखान्यात आयुष्य घालविलेल्या कामगाराला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून जे मिळते, त्याची किमान रक्कम १ सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये ठरली आणि महागाईशी तिचा काही संबंध जोडलेला नाही. आमच्या स्नेह्यांचे निवृत्तिवेतन अडीच हजारांच्या आसपास आहे. म्हणजे निवृत्तिवेतनाचा पूर्ण आकडा सोसायटीला दिला तरी दीड हजार रुपये बाहेरून आणावे लागतात. औषधपाणी, वीज आणि गॅस यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. वॉचमन, सफाई, कार्यालय यांसारख्या सेवांचा खर्च आदर्श उपविधींनुसार सर्व सदनिकांत समान वाटला जातो. त्यामागे तर्क आहे; वॉचमन मोठ्या घराची राखण जास्त करतो असे नाही. परंतु संकुलात पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, शोभेची कारंजी आली की त्यांचा भारही त्याच मापाने एका खोलीच्या आणि चार खोल्यांच्या घरावर पडतो. जाहिरातीच्या पुस्तिकेत रंगीत दिसलेल्या या सुविधा पुढची तीस वर्षे पोसायच्या असतात, हे घर घेताना कोणी सांगत नाही.

हा प्रश्न उद्या अधिक तीव्र होणार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून कष्टकरी कुटुंबे मनोऱ्यात राहायला जाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु चाळीत जिना होता, मनोऱ्यात लिफ्ट आहे. तिच्यासोबत अग्निशमन यंत्रणा आहे, जनित्र आहे, पंप आहेत. पुनर्विकसित इमारतींत घर फुकट मिळते, घरात राहणे फुकट होत नाही. आज ना उद्या हा भार रहिवाशांवर येतो आणि गिरणगावातला माणूस घराच्या किमतीमुळे नव्हे, तर महिन्याच्या बिलामुळे आपले हक्काचे घर विकून बदलापूर-विरारची वाट धरतो.

कायदा काय सांगतो?

अशा स्थितीत दंड आणि व्याज ही शस्त्रे किती जपून वापरायला हवीत! कायद्यानेही ती मोकाट सोडलेली नाहीत; केवळ सभासदांना त्याची माहिती नसते.

उपविधींच्या भंगासाठी किती दंड करावा हे समितीने परस्पर ठरवायचे नसते. तो अधिकार सर्वसाधारण सभेचा. २०१४ च्या आदर्श उपविधींनी त्यावर एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. दंडापूर्वी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे. आमच्या स्नेह्यांना नोटीस मिळाली नव्हती, सुनावणी झाली नव्हती. थेट बिलातच आकडा उमटला होता. म्हणजे १,५०० रुपयांची ती ओळ मुळातच नियमबाह्य होती.

थकबाकीवरील व्याजाचेही तसेच. याच उपविधींनी वार्षिक २१ टक्के ही कमाल मर्यादा सांगितली. तेही सरळ व्याज, चक्रवाढ नव्हे. सर्वसाधारण सभेला यापेक्षा कमी दर ठरविण्याची पूर्ण मुभा आहे. पण ‘कमाल’ हा शब्द वाचला जात नाही आणि बहुतेक ठिकाणी २१ टक्के हाच जणू वेदवाक्य मानून आकारला जातो. बँकेत ठेव ठेवली तर सहा-सात टक्के मिळतात आणि आपलीच संस्था आपल्याकडून त्याच्या तिप्पट घेते! काही संस्था तर न भरलेले व्याज पुढच्या बिलात मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावतात. हे सरळसरळ सावकारी वळण झाले.

हिशेब करून पाहावा. ४,००० रुपयांच्या बिलावर २१ टक्क्यांनी महिन्याला ७० रुपये व्याज होते. ऐकायला किरकोळ. पण दुखण्यामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे तीन वर्षे वर्गणी थकली, तर १,४४,००० रुपयांच्या मुद्दलावर सरळ व्याजानेच ४४,१०० रुपये चढतात. एकूण १,८८,१०० रुपये. संस्थेने निबंधकाकडून वसुली दाखला मिळविला की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, प्रसंगी घरावर जप्ती आणून वसूल करता येते. या दाखल्याविरुद्ध सभासदाला पुनरीक्षण अर्ज करायचा झाल्यास वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, अशी तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आहे. आपल्या उदाहरणात ती होते ९४,०५० रुपये. ज्याच्याकडे तेवढे असते, तो थकबाकीदार कशाला झाला असता? मुद्दाम अडवणूक करणाऱ्या धनिकाला रोखण्यासाठी केलेली ही तरतूद गरिबाच्या दारालाच अडसर होऊन बसते.

घर भाड्याने दिल्यास आकारायचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा आदेश शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी काढला आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो वैध ठरविला. तरीही वेगवेगळ्या नावांखाली भाडेकरूंकडून जादा रकमा उकळणाऱ्या संस्था दिसतातच. कारण विचारणारा कोणी नसतो.

आपण काय करावे?

हेच या सगळ्या रोगाचे मूळ आहे. पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बारा माणसे येतात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच बारा जणांत वर्षाचा कारभार मंजूर होतो. आपण दूरदर्शनसमोर बसून देशाच्या कारभारावर मते मांडतो आणि तळमजल्यावर चाललेल्या आपल्याच घराच्या सभेला पाठ दाखवतो. नंतर बिल हातात पडले की समितीच्या नावाने बोटे मोडतो. लोकशाहीचा पहिला धडा गिरवायचा तर तो आपल्या जिन्यापासूनच गिरवावा लागेल.

महाभारताच्या शांतिपर्वात राजाला उपदेश आहे की, भुंगा जसा झाडाला न दुखविता मध घेतो, तसा प्रजेकडून कर घ्यावा. राज्याच्या तिजोरीला जो विवेक सांगितला, तो सोसायटीच्या खजिनदाराला लागू नाही काय?

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दंडाच्या रकमा आणि कारणे यांची यादी सर्वसाधारण सभेत वाचून मंजूर व्हावी आणि त्यात सुरक्षेला बाधा आणणाऱ्या गोष्टी आणि केवळ शोभेच्या गोष्टी यांत स्पष्ट भेद असावा. दुसरी, व्याजाचा दर बँकेच्या दराच्या आसपास आणण्याचा ठराव करावा. त्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही. तिसरी, जो देऊ शकत असूनही देत नाही आणि जो देऊ इच्छितो पण देऊ शकत नाही, या दोघांना एका फळ्यावर बसवू नये. थकबाकीदाराकडे नोटीस जाण्यापूर्वी दोन ज्येष्ठ सभासदांनी त्याच्या घरी जावे, चौकशी करावी, हप्ते बांधून द्यावेत. चौथी, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांना कोणत्याही सवलतीत हात लावू नये. काटकसर करायची ती शोभेच्या खर्चात करावी. पाचवी, वर्षाच्या आरंभीच अंदाजपत्रक सभासदांच्या हाती द्यावे, म्हणजे वाढ झाली तर ती का झाली हे सर्वांना कळेल आणि मनातली अढी राहणार नाही.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. आमच्या स्नेह्यांच्या इमारतीतही पुढे तसेच घडले. शेजारच्या दोन तरुणांनी उपविधींची पुस्तिका आणून समितीसमोर ठेवली. नोटीस न देता लावलेला दंड रद्द झाला, थकबाकीचे बारा हप्ते बांधून मिळाले आणि तो तांबडा कागद फळ्यावरून उतरला. सचिवांनी स्वतः घरी येऊन तसे सांगितले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. नियम काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि या घरात शस्त्रक्रिया झाली आहे, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. एकाच जिन्यावर राहणाऱ्या माणसांना एकमेकांचे दुखणे माहीत नसावे, ही खरी गरिबी आहे.

कायद्यानुसार सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी. आपल्या सोसायटीची सूचना दारात येईल तेव्हा ती रद्दीत टाकू नये. सभेला जावे, हिशेब मागावा, तो सौम्य शब्दांत मागावा. आणि जाताना, जे शेजारी कित्येक दिवसांत जिन्यात भेटले नाहीत, त्यांच्या दारावरची घंटा वाजवून त्यांनाही सोबत घ्यावे.